कोळशाचा पट्टा आणि बंदराची किल्ली

अमेरिकेच्या माँटाना राज्यांत ६ ऑक्टोबर २०२५ रोजीं एक सरकारी लिलाव झाला. विकावयाचा जिन्नस होता जमिनीच्या पोटांतील कोळसा. त्याचें माप सुमारें १६ कोटि ७० लक्ष टन. बोली एकच आली, आणि तीहि १ लक्ष ८६ हजार डॉलरची. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस आंकडेमोडीची हौस असेल त्यांनीं भागाकार करून पाहावा; टनामागें एका सेंटचा नववा हिस्सा काय तो पडतो. सरकारनें ही बोली अपुरी म्हणून नाकारली, आणि शेजारच्या वायोमिंग राज्यांत त्याच आठवड्यांत व्हावयाचा याहून मोठा लिलाव पुढें ढकलला. तेरा वर्षांपूर्वीं, २०१२ सालीं, याच खोऱ्यांतल्या ७२ कोटि १० लक्ष टनांच्या एका पट्ट्यास ७९ कोटि ३० लक्ष डॉलरची बोली आली होती; म्हणजे टनामागें एक डॉलर दहा सेंट. जागा निराळी, खाण निराळी, हें सर्व मान्य केलें तरी हजारपटीची ही घसरण साधी नव्हे.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, मालाला असा उठाव नसतांना तोच माल अधिक प्रमाणांत बाजारांत आणण्याचा हुकूम थोडे महिने अगोदर निघालेला होता. ८ एप्रिल २०२५ रोजीं अध्यक्ष ट्रंप यांनीं काढलेल्या आज्ञेंत सरकारी जमिनींवरील कोळशाच्या पट्ट्यांना अग्रक्रम द्यावा आणि कोळशाच्या निर्यातीस उत्तेजन द्यावें, असें एकाच दमांत सांगितलें आहे. पुढें जुलै महिन्यांत झालेल्या कायद्यानें आणखी ४० लक्ष एकर जमीन पट्ट्यांसाठीं खुली करावयाची ठरविली, व उघड्या खाणींवर सरकारास निदान शेंकडा साडेबारा मिळावयाचें स्वामित्वधन २०३४ पर्यंत शेंकडा सातांच्या वर जाऊं नये असें बंधन घातलें. पट्टे अधिक म्हणजे कोळसा अधिक, कोळसा अधिक म्हणजे निर्यात अधिक, असा हा वरवर सरळ दिसणारा हिशेब आहे. तो कोठें चुकतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचा. त्यांत आपण कशास पडावें, असें कोणी म्हणेल. त्यास आमचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षीं अमेरिकेच्या कोळशाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक आपला भारत देशच होता. दुसरें उत्तर घरगुती आहे. ज्या घरांत चार भावांची सामाईक मिळकत असून तिचा कारभार एका कर्त्याच्या हातीं आहे, त्या घरांतील माणसांस सामाईक जमिनीची गोष्ट नव्यानें शिकवावी लागत नाहीं. शेत कोणास दिलें, किती खंडानें दिलें, आणि पीक बाजारांत कोणत्या भावानें गेलें, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत हें माजघरांतल्या वृद्ध आत्याबाईंसहि ठाऊक असतें. अमेरिकेच्या कोळशाच्या वादांत नेमके हेच तीन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत.

मूळ हकीकत अशी. पश्चिम अमेरिकेंतील कोळशाची जमीन प्रथम विकून टाकावयाचेंच तेथील सरकारचें धोरण होतें. १८७३ च्या कायद्यानें ती एकरी ठराविक दरानें मिळे. त्यांत इतके गैरप्रकार माजले कीं, १९०६ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं कोट्यवधि एकर जमीन विक्रींतून काढून घेतली. पुढें १९०९ व १९१० च्या कायद्यांनीं वरची माती शेतकऱ्याची आणि खालचा कोळसा सरकारचा, अशी वांटणी सुरू झाली. १९२० च्या खनिज-पट्टा कायद्यानें विक्री थांबून पट्ट्याची पद्धत आली. तेव्हांपासून या जमिनींतील कोळसा राष्ट्राचा आणि खणणारा केवळ पट्टेदार, हें तत्त्व कायम आहे. आज देशांतील एकूण उत्पादनापैकीं शेंकडा चाळीसच्या आसपास कोळसा सरकारी मालकीचा असतो, आणि त्यांतील बहुतेक वायोमिंग व माँटाना या राज्यांत पसरलेल्या पावडर नदीच्या खोऱ्यांतून निघतो. तेथील थर साठ-सत्तर फूट जाड व जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असल्यामुळें भुयारें खणावीं लागत नाहींत; वरची माती दूर केली कीं प्रचंड यंत्रांनीं कोळसा उपसावयाचा आणि शंभराहून अधिक डब्यांच्या आगगाडींत भरावयाचा.

पट्टेदारानें सरकारास तीन प्रकारें पैसे द्यावयाचे असतात. लिलावांत लावलेली बोली ही पहिली रक्कम. एकरी तीन डॉलर वार्षिक भाडें ही दुसरी. आणि निघालेल्या कोळशाच्या किंमतीवर स्वामित्वधन ही तिसरी. यांतला निम्मा पैसा ज्या राज्यांत खाण आहे त्या राज्यास मिळतो. वायोमिंगमध्यें कित्येक शाळांच्या इमारती या लिलावांच्या पैशांवर उभ्या राहिल्या आहेत. तेव्हां बोली किती आली हा प्रश्न तेथील मुलांच्या वर्गखोल्यांपर्यंत जाऊन पोहोंचतो.

कर्त्याच्या हातून सामाईक मालाची हेळसांड होण्याची ही कांहीं पहिलीच वेळ नव्हे. १९७० च्या सुमारास असें आढळून आलें कीं, पट्ट्यांखालील जमीन भराभर वाढत आहे आणि तींतून निघणारा कोळसा मात्र उलट घटला आहे. म्हणजे लोक खणण्यासाठीं नव्हे, तर पुढें चढ्या भावानें विकण्यासाठीं पट्टे अडकवून ठेवीत होते. म्हणून १९७१ मध्यें नवे पट्टे थांबविण्यांत आले, आणि १९७६ च्या कायद्यानें लिलाव झालाच पाहिजे, वाजवी बाजारभावापेक्षां कमी बोली घेतां कामा नये, व दहा वर्षांच्या आंत उत्पादन सुरू झालें पाहिजे, असे निर्बंध घातले. अध्यक्ष फोर्ड यांनीं नकाराधिकार वापरला असतांहि हा कायदा विधिमंडळानें पुन्हां संमत केला, यावरून त्या वेळचें लोकमत कसें होतें हें दिसतें. तरीहि सहाच वर्षांनीं, १९८२ मध्यें, अंतर्गत खात्याचे मंत्री जेम्स वॅट यांच्या कारकीर्दींत याच खोऱ्यांत सुमारें १६० कोटि टनांचे पट्टे मंदीच्या दिवसांत दिले गेले. सरकारी हिशेबतपासनिसांनीं पुढल्याच वर्षीं सांगितलें कीं, यांत राष्ट्राचें सुमारें दहा कोटि डॉलरचें नुकसान झालें. चौकशीसाठीं समिति नेमली गेली. तिच्या सभासदांविषयीं अनुचित उद्गार काढल्यामुळें खुद्द वॅट यांस अधिकारपद सोडावें लागलें.

इतकें होऊनहि खरी फट राहून गेली. १९९० मध्यें पद्धत बदलली. सरकारनें आपण होऊन जागा निवडावी आणि लिलाव पुकारावा, हा प्रकार मागें पडला. कंपनीनेंच नकाशावर आपल्या चालू खाणीला लागून असलेला तुकडा आंखावा, अर्ज करावा, आणि सरकारनें त्या तुकड्याचा लिलाव करावा, असा परिपाठ पडला. आतां ज्याच्या बांधाला लागून तो तुकडा आहे त्याच्याशिवाय त्यावर दुसरा कोण बोली लावणार? २०१३ च्या सरकारी तपासणींत आढळलें कीं, १९९० पासून दिलेल्या १०७ पट्ट्यांपैकीं ९६ पट्ट्यांच्या लिलावांत बोली लावणारा एकच होता. एकाच गिऱ्हाइकाच्या बाजारास लिलाव म्हणणें हें शब्दाचें औदार्य आहे.

या पार्श्वभूमीवर निर्यातीचा प्रश्न पुढें आला. २००८ मध्यें अमेरिकेंत ११७ कोटि टन कोळसा निघाला. त्यानंतर स्वस्त नैसर्गिक वायु आणि पुढें वारा व सूर्य यांपासून मिळणारी वीज यांनीं त्याला मागें सारलें. २००५ च्या सुमारास देशांतील निम्मी वीज कोळशापासून होई. २०२३ मध्यें तें प्रमाण शेंकडा सोळांच्या आसपास आलें, आणि त्या वर्षीं उत्पादन ५८ कोटि टनांच्या आंत राहिलें. घरीं मागणी आटली तेव्हां खाणवाल्यांची दृष्टि आशियाकडे वळली. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत वॉशिंग्टन व ऑरेगन या राज्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर कोळशाचीं नवीं बंदरें बांधण्याच्या पांच-सहा योजना निघाल्या. चेरी पॉइंट येथील बंदरांतून दरसाल ४ कोटि ८० लक्ष टन आणि लाँगव्ह्यू येथून ४ कोटि ४० लक्ष टन कोळसा परदेशीं जावा, असा बेत होता.

घोडें पेंड खाल्लें तें येथेंच. चेरी पॉइंट हें लमी जमातीचें पिढीजात मासेमारीचें ठिकाण. १८५५ च्या तहानें त्यांस तेथें मासे धरण्याचा हक्क मिळालेला होता. त्या हक्कास बाध येतो या कारणास्तव मे २०१६ मध्यें लष्कराच्या स्थापत्य खात्यानें परवाना नाकारला. लाँगव्ह्यूला वॉशिंग्टन राज्याच्या पर्यावरण खात्यानें सप्टेंबर २०१७ मध्यें नकार दिला. तेव्हां माँटाना व वायोमिंग हीं दोन राज्यें वॉशिंग्टन राज्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलीं, पण जून २०२१ मध्यें न्यायालयानें तें प्रकरण हातीं घेण्याचेंच नाकारलें. त्या पांच-सहा बंदरांपैकीं एकहि उभें राहिलें नाहीं. आणि या वादांत मूळ रहिवासी सारेच एका बाजूस होते असेंहि नाहीं. माँटानांतील क्रो जमातीच्या भूमींत अलोट कोळसा आहे. २०१३ मध्यें तिनें १४० कोटि टनांपर्यंतचा कोळसा काढूं देण्याचा करार एका कंपनीशीं केला होता, आणि किनाऱ्यावर बंदर व्हावें अशी तिची मनापासून इच्छा होती. एका जमातीची चूल कोळशावर आणि दुसरीची मासळीवर. दोघींचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. सरकारी पट्ट्यांचा कायदा या दोघींपैकीं कोणाचाच न्याय करूं शकत नव्हता, कारण भांडण खाणीच्या तोंडाशीं नव्हतें, तें हजार मैलांवरच्या किनाऱ्याशीं होतें.

आतां मुद्द्याची गोष्ट. अमेरिकेंतून बाहेर जाणारा बहुतेक कोळसा या सरकारी जमिनींतला नव्हेच. तो निघतो पूर्वेकडील ॲपलाचियन डोंगरांतून, बहुतांशीं खासगी मालकीच्या खाणींतून, आणि नॉरफोक व बाल्टिमोर यांसारख्या पूर्वकिनाऱ्यावरच्या बंदरांतून जहाजांत चढतो. त्याची आंच अधिक आहे. आपल्या देशाकडे बाल्टिमोरहून येणाऱ्या कोळशाचा मोठा भाग विटांच्या भट्ट्यांत जळतो तो याच गुणामुळें. पावडर नदीच्या कोळशांत गंधक कमी, हा त्याचा गुण; पण त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी, आणि आंच पूर्वेकडील कोळशाच्या दोन तृतीयांशच. एवढें पाणी हजार मैलांहून दूर आगगाडीनें न्यावयाचें, कॅनडांतील व्हॅनकूव्हरजवळच्या बंदरांत जहाजावर चढवावयाचें आणि जपान-कोरियापर्यंत पोहोंचवावयाचें, हा व्यवहार भाव कडक असतील तेव्हांच परवडतो. माँटानांतील स्प्रिंग क्रीक खाणींतून या वाटेनें कोळसा जात असे. तरीहि तिची मालक कंपनी २०१९ मध्यें दिवाळखोरींत गेली, आणि खाण नॅव्हाजो जमातीच्या मालकीच्या कंपनीनें घेतली. ऑक्टोबर २०२५ मधली ती एकमेव बोली याच कंपनीची.

बंदराचें महत्त्व किती, हें २६ मार्च २०२४ रोजीं जगानें पाहिलें. एका मालवाहू जहाजाच्या धक्क्यानें बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला, बंदराचें तोंड बंद झालें, आणि तेथून जाणारा कोळसा एकदम अडला. एकाहि खाणीचा पट्टा त्या दिवशीं रद्द झाला नव्हता.

पट्ट्यांच्या धोरणाचा इतिहासहि हीच साक्ष देतो. निर्यातीनें २०१२ मध्यें १२ कोटि ५७ लक्ष टनांचा उच्चांक गाठला. २०१५ पर्यंत ती ७ कोटि ४० लक्षांवर उतरली. नवे पट्टे देण्यास स्थगिति मिळाली ती त्यानंतर, जानेवारी २०१६ मध्यें. तेव्हां घसरणीचा दोष स्थगितीच्या माथीं मारतां येत नाहीं. मार्च २०१७ मध्यें स्थगिति उठली आणि २०१८ मध्यें निर्यात ११ कोटि ६० लक्षांवर चढली, म्हणून उठविण्याचें श्रेय घेणारे पुष्कळ निघाले. परंतु चीननें आपलें उत्पादन २०१६ मध्यें आवरतें घेतलें होतें, आणि २०१७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील वादळानें तेथल्या कोळशाच्या रेल्वेची वाट अडविली. जगाचा भाव त्यामुळें चढला. शिवाय स्थगितीच्या वेळीं पट्टेदारांच्या हातीं सुमारें वीस वर्षें पुरेल इतका सरकारी कोळसा अगोदरच होता. ज्याच्या कोठारांत वीस वर्षांचें धान्य आहे, त्यास नवें शेत न मिळाल्यानें उद्यांची भाकरी अडत नाहीं. पुढें २०२२ मध्यें न्यायालयानें स्थगिति पुन्हां आणली, २०२४ च्या फेब्रुवारींत वरिष्ठ न्यायालयानें ती काढली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत या खोऱ्यांत नवे पट्टे देऊं नयेत असा निर्णय झाला, आणि २०२५ मध्यें धोरण पुन्हां फिरलें. दार इतक्यांदा उघडलें आणि मिटलें. पण निर्यातीचा ओघ या दाराकडे पाहून चढला-उतरला नाहीं.

मग पट्ट्याच्या धोरणानें ठरतें तरी काय? ठरतें तें इतकेंच, पण तें थोडें नव्हे: मालकाच्या पदरांत किती पडावें. २०१२ च्या अखेरीस रॉयटर या वृत्तसंस्थेनें उघडकीस आणलें कीं, कांहीं कंपन्या सरकारी जमिनींतला कोळसा आपल्याच दुसऱ्या कंपनीस खाणीच्या तोंडच्या स्वस्त भावानें विकतात, त्या भावावर स्वामित्वधन भरतात, आणि मग ती दुसरी कंपनी तोच कोळसा आशियांत कितीतरी चढ्या भावानें विकते. उदाहरणादाखल खाणीवरचा भाव टनास बारा डॉलर धरला, तर शेंकडा साडेबारानें सरकारचे दीड डॉलर झाले. पुढच्या नफ्यांत त्याचा हिस्सा नाहीं. आपल्या कुळानें खंड ठरविण्यापुरतें पीक आपल्याच मेव्हण्यास मातीमोलानें विकल्याचें दाखविलें, आणि मेव्हण्यानें तेंच पेठेंत चढ्या भावानें घातलें, तर कर्त्यास काय वाटेल? ही वाट बुजविण्यासाठीं २०१६ मध्यें नियम झाला. २०१७ मध्यें तो रद्द झाला. २०१९ मध्यें न्यायालयानें तो जिवंत केला. आणि २०२१ मध्यें दुसऱ्या न्यायालयानें त्यांतला कोळशाचा भाग पुन्हां रद्द ठरविला.

स्वामित्वधन शेंकडा सातांवर आणल्यानें निर्यात वाढेल काय, याचेंहि उत्तर याच उदाहरणांत आहे. बारा डॉलरच्या टनावर दीड डॉलरचे चौऱ्यायशीं सेंट झाले. सूट मिळाली सहासष्ट सेंटांची. रेल्वे, बंदर आणि जहाज यांचें भाडें मूळ किंमतीच्या कित्येक पट आहे. त्यापुढें ही सूट वाण्याच्या पुडीवरील दोऱ्याएवढीच. परदेशच्या गिऱ्हाइकास ती जाणवणार नाहीं. वायोमिंगच्या शाळांस मात्र जाणवेल, कारण स्वामित्वधनाचा निम्मा वांटा त्यांच्या राज्याचा आहे.

दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाहीं. गिलेटसारख्या गांवांत दोन-दोन पिढ्या खाणीवर वाढल्या आहेत. खाण मिटली तर त्या घरांचें काय, हा प्रश्न धोरणाच्या चर्चेनें पोट भरणाऱ्यांनीं हलका मानूं नये. अमेरिकेनें न विकला तर इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलिया विकेल, असेंहि म्हणतात, आणि त्यांत पुष्कळ तथ्य आहे. कोळसा कोठेंहि जळला तरी त्याच्या धुराची झळ सर्वांनाच, हेंहि तितकेंच खरें. पण हे सर्व प्रश्न मान्य केले म्हणजे सामाईक माल एका सेंटच्या नवव्या हिश्शानें सोडावा, असें त्यांतून निघत नाहीं. उलट, ज्या कामगारांच्या पुढल्या सोयीसाठीं पैसा लागणार आहे, तो पैसाच अशा लिलावांत हातचा जातो.

आपल्या देशानें हा धडा स्वतःच्या खर्चानें घेतला आहे. १९९३ पासून कोळशाचे खंड आपल्याकडे लिलावाशिवाय, शिफारशीनें वांटले गेले. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील २१४ वांटण्या एका फटक्यासरशीं रद्द केल्या. तेथें लिलाव होता पण बोली लावणारा एक; येथें घेणारे पुष्कळ होते पण लिलाव नव्हता. दोन्हीकडे मालक गैरहजर, हें मात्र सारखें.

मालकानें हजर राहावयाचें म्हणजे काय करावयाचें? आमच्या मतें तीन गोष्टी. स्वामित्वधन शेवटच्या, खऱ्याखुऱ्या परक्या गिऱ्हाइकानें दिलेल्या भावावर, वाटेचा वाजवी खर्च वजा करून, आकारावें. एकट्या बोलीस लिलाव समजूं नये. आणि निर्यातीचें नांव पुढें करून पट्टा मागणाऱ्यास प्रथम विचारावें कीं, तुझें बंदर कोठें आहे? ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथील सरकारनें ती बोली परत केली, तें आमच्या मतें योग्यच झालें. कोळशाला पुन्हां पूर्वीचा भाव येईलच असें कोणी सांगूं शकत नाहीं. कदाचित् तो कधींच येणार नाहीं. पण धान्याप्रमाणें कोळशास कीड लागत नाहीं, आणि घरच्या सामाईक जिनसेचें मोल करण्याची घाई गिऱ्हाइकास असावी, कर्त्यास नसावी.